ऐंशी सामन्यांची शिक्षा आणि चौदा वर्षांचा करार

या महिन्यात बेसबॉलबद्दल तीन पत्रं आली. मी मूळची नाशिकची, १९९६ पासून सॅन डिएगोत एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे आणि तेव्हापासून इथल्या पाद्रेस संघाची चाहती. म्हणून संपादकांनी तिन्ही पत्रं माझ्याकडेच पाठवली.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा निवृत्त पीटी शिक्षक. यंदा तीन महिने मुलाकडे सॅन डिएगोला राहून आलो. अकरा वर्षांचा नातू सारखा २३ नंबरचा शर्ट घालून फिरतो, फर्नांडो टाटिस ज्युनियरचा. हा खेळाडू उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला होता, हे मुलाकडून कळलं. नातवाला विचारलं तर म्हणाला, "आजोबा, त्याने ऐंशी मॅचेसची शिक्षा भोगली ना? मग झालं!" मी गप्प बसलो, पण पटलं नाही. आमच्या शाळेत कॉपी करताना पोरगं सापडलं की त्याचा अख्खा पेपर रद्द व्हायचा. ऐंशी सामने म्हणजे नेमकी किती शिक्षा? आणि नातवाला मी काय सांगायला हवं होतं?

उत्तर : सर, तुम्हाला जे खटकलं तेच मलाही, टाटिस सापडला त्या २०२२ च्या ऑगस्टपासून, खटकतंय.

आधी हिशेब. इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये एका संघाचे हंगामात १६२ सामने होतात, म्हणजे ८० सामने हा साधारण अर्धा हंगाम. पहिल्यांदा सापडलं तर ८०, दुसऱ्यांदा १६२, तिसऱ्यांदा कायमची बंदी. त्या काळाचा पगार मिळत नाही आणि त्या वर्षीच्या बाद फेरीतही खेळता येत नाही. हे कोष्टक २०१४ पासूनचं आहे. ऑलिंपिकच्या खेळांत पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षांपर्यंत बंदी येते, त्यामुळे आपल्याकडच्या धावपटूंच्या बातम्या वाचणाऱ्याला हे फार सौम्य वाटणार. पण इथली शिक्षा मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या वाटाघाटीतून ठरते, आणि जिथून सुरुवात झाली ते पाहिलं तर ८० सुद्धा बराच मोठा आकडा आहे.

मी आले ते वर्ष केन कॅमिनिटीचं होतं. पाद्रेसचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू, खांदा दुखावलेला, तरी ४० होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि मोठ्या लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीग या गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला तेव्हा नियमही धड कळत नव्हते, पण तो जमिनीवर झोकून देऊन चेंडू अडवायचा आणि गुडघ्यावरूनच फेकायचा, ते पाहायला मी स्टेडियममध्ये जाऊ लागले. २००२ मध्ये त्यानेच एका मासिकाला सांगितलं की त्या हंगामात तो स्टेरॉइड घेत होता. ती त्याने सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या तिहुआनात विकत घेतली होती. आमच्या घरापासून तिहुआना गाडीने अर्ध्या तासावर आहे. सर्दीची गोळी घ्यावी इतक्या सहज तिथे काय काय मिळतं, हे माझ्या पेशातल्या माणसाला ठाऊक असतं. त्याला काय शिक्षा झाली? काहीच नाही. स्टेरॉइड मना असल्याचं पत्रक कमिशनरने, म्हणजे लीगच्या प्रमुखाने, १९९१ मध्येच काढलं होतं, पण चाचणीच नव्हती. २००४ च्या ऑक्टोबरात तो न्यू यॉर्कमध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. ४१ वर्षांचा होता. त्या दिवशी मी औषधाच्या खोलीत एकटीच होते आणि मला रडू आवरलं नाही.

चाचणी आली ती २००३ मध्ये, तीही आधी निनावी. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तर पुढच्या वर्षी खरी चाचणी घ्यायची, असं ठरलं होतं, आणि ते निघाले. तरी २००४ मध्ये पहिल्यांदा सापडलेल्याला फक्त उपचार होते, नावसुद्धा जाहीर होत नव्हतं. २००५ मध्ये शिक्षा आली दहा दिवसांची. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राफाएल पाल्मेरो या नामवंत फलंदाजाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोट रोखून सांगितलं की मी कधीही स्टेरॉइड घेतलेलं नाही. जुलैमध्ये त्याचे कारकिर्दीतले तीन हजार हिट (यशस्वी फटके) पूर्ण झाले आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला तो सापडल्याचं जाहीर झालं. दहा दिवस बाहेर बसला. संसदेने कान उपटल्यावर दहाचे पन्नास सामने झाले आणि २०१४ मध्ये पन्नासाचे ऐंशी.

आता टाटिस. त्याच्या नमुन्यात क्लोस्टेबॉल सापडलं. त्याने सांगितलं की गजकर्णासाठी घेतलेल्या औषधात ते होतं आणि शिक्षा मान्य केली. सर, गजकर्ण हा बुरशीचा रोग आहे. त्यावर बुरशी मारणारं मलम लागतं, साताऱ्यातला कुठलाही औषधवाला ते देईल. क्लोस्टेबॉल हे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं. काही देशांत ते जखमेच्या मलमात प्रतिजैविकासोबत घालतात, पण बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही. अमेरिकेत तर त्याच्या विक्रीला परवानगीच नाही. माझ्या कपाटात ते कधी आलं नाही. तरीही त्याने ते जाणूनबुजून घेतलं, असं मी म्हणणार नाही. हे मलम त्वचेतून शिरतं आणि दुसऱ्याच्या हातावरून अंगाला लागलं तरी नमुन्यात उतरू शकतं. टेनिसपटू यानिक सिनरच्या प्रकरणात ते मसाज करणाऱ्याच्या हातावरून आल्याचं मान्य झालं. म्हणून अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियम मला पटतो. मनात काय होतं हे शोधायला गेलो तर प्रत्येकाकडे एक गजकर्ण निघेल.

मला पटत नाही तो पैशाचा भाग. टाटिसचा करार १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा. २०२२ मध्ये त्याचा पगार ५० लाख होता. शिक्षेचे ४८ साखळी सामने आणि बाद फेरीतले १२ त्या वर्षी गेले, उरलेले २० पुढच्या वर्षी. सगळं मिळून त्याचं नुकसान ३० लाख डॉलरही झालं नाही. म्हणजे कराराच्या शंभर रुपयांतला एक रुपयासुद्धा पुरता गेला नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर कॉपी सापडली, पोराला अर्धी सहामाही वर्गाबाहेर उभं केलं आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं.

दुसरं उदाहरण हुरिक्सन प्रोफारचं. २०२४ मध्ये आमच्याकडे तो १० लाख डॉलरवर खेळला, आयुष्यातला सर्वात चांगला हंगाम. त्या जोरावर अटलांटाच्या संघाने त्याला तीन वर्षांचे ४ कोटी २० लाख दिले. २०२५ चा हंगाम सुरू होऊन आठवडा व्हायच्या आत तो एचसीजीसाठी सापडला. हे इंजेक्शन आम्ही मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांना देतो. स्टेरॉइडने पुरुषाची स्वतःची ग्रंथी झोपली की तिला जागं करायलाही ते वापरतात. २०२४ मध्ये त्याने काही घेतलं होतं असं सिद्ध झालेलं नाही आणि मी तसा आरोप करत नाही. पण त्याला ८० सामन्यांचा पगार गमवावा लागला आणि करार मात्र उभा राहिला. संघाला तो मोडताही येत नाही. शिक्षेचा अधिकार फक्त कमिशनरच्या कचेरीला, संघाने वर आणखी काही करायचं नाही, असा नियम आहे.

हा नियम का आहे तेही समजून घ्यायला हवं. महागड्या, वयस्क खेळाडूचा करार गळ्यात पडला असेल तर चाचणीत तो दोषी निघावा अशी प्रार्थना मालकच करतील. २०१४ मध्ये ॲलेक्स रॉड्रिगेझ उत्तेजकांच्या प्रकरणात १६२ सामने बाहेर बसला तेव्हा त्याच्या संघाचे, न्यू यॉर्कच्या यांकीजचे, दोन कोटींहून जास्त डॉलर वाचले. एकाच्या गुन्ह्यातून दुसऱ्याने पैसे वाचवायचे, हेही मला बरं वाटत नाही. माझं म्हणणं असं : सापडल्यानंतर कराराची उरलेली रक्कम ठरावीक हिश्शाने कापावी, आणि ते पैसे मालकाकडे न जाता खालच्या लीगमधल्या, म्हणजे मोठ्या संघात बोलावणं यायची वाट पाहणाऱ्या पोरांच्या निधीत जावेत.

खालच्या लीगचं नाव काढलं ते उगाच नाही. आमच्या शेजारणीचा मुलगा डावखुरा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) होता, पाच वर्षं तिथे खेळला. तेव्हा महिन्याला हजार-अकराशे डॉलर मिळायचे, तेही फक्त हंगामात. थंडीत तो गोदामात खोकी उचलायचा. साधा खोकला झाला तरी बाटली घेऊन माझ्या दारात यायचा : "मावशी, यात काही नाही ना?" मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचायचे. त्याच्या खोलीत राहणाऱ्या पिचरला वरच्या संघात बोलावलं, नंतर तो चाचणीत सापडला, शिक्षा संपवून परतही आला. आमच्या पोराला मात्र त्या वर्षी कोणी बोलावलं नाही आणि पुढच्या वर्षी त्याला सोडून दिलं. सव्विसाव्या वर्षी घरी आला. आता शाळेत पीटी शिकवतो, तुमच्यासारखाच.

नातवाला शर्ट काढायला लावू नका. टाटिसने जाहीर माफी मागितली, परक्या मैदानांवर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, मैदानावरची आपली नेहमीची जागा सोडून उजव्या फिल्डला उभा राहिला आणि २०२३ मध्येच प्लॅटिनम ग्लोव्ह हा सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा पुरस्कार मिळवला. पोराला त्याचा खेळ आवडणं स्वाभाविक आहे. पण पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्याला तुमच्या कॉपीच्या पेपरची गोष्ट सांगा, आणि मग या पिचरची. तो सॅन डिएगोतच आहे, नातवाला त्याच्या भेटीला घेऊन ये असं मुलाला सांगा. मुलाचा नंबर कळवलात तर मी गाठ घालून देईन.

प्रश्न : बॅरी बॉन्ड्सने सर्वांत जास्त ७६२ होमरन मारले, तरी स्टेरॉइडच्या संशयामुळे तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात, नाही. ही शिक्षा न्याय्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नियमाने दिलेली ही शिक्षा नव्हेच. पत्रकारांची मतं लागतात, ७५ टक्के. २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, त्याला ६६ टक्के मिळाली. मला हे मत देणं जमलं नसतं, पण ज्यांनी दिलं त्यांच्यावर माझा राग नाही. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने लोक दुरावले होते. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६ होमरन मारले आणि स्टेडियमं पुन्हा भरली. त्याच हंगामात मॅग्वायरच्या कपाटातली अँड्रोस्टेनडायोनची (शरीरात ज्याचं टेस्टोस्टेरॉन बनतं त्या पदार्थाची) बाटली एका पत्रकाराने पाहिली होती, तो ते घेत असल्याचं छापूनही आलं होतं. तरी चाचणी यायला पाच वर्षं लागली. त्या काळचे कमिशनर बड सीलिग २०१७ मध्ये त्याच हॉल ऑफ फेममध्ये गेले.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा पंधरा वर्षांचा, हायस्कूलच्या संघात पिचर. मित्राने सांगितलं म्हणून प्रोटीन आणि "प्री-वर्कआउट" अशा दोन पावडरी मागवल्यात. दुकानात उघड मिळतात म्हणजे धोका नसेल ना?

उत्तर : दुकानात मिळतं म्हणजे कोणी तपासलंय, असं इथे समजू नका. १९९४ च्या कायद्याप्रमाणे अशा पावडरी बाजारात येण्याआधी औषधासारखी मंजुरी लागत नाही. स्टीव्ह बेक्लर नावाचा बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाचा पिचर २००३ च्या फेब्रुवारीत सरावात उष्माघाताने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वजन उतरवण्यासाठी तो इफेड्रा ही उत्तेजक वनस्पती असलेल्या गोळ्या घेत होता. त्याही उघड मिळत होत्या. तो २३ वर्षांचा होता. सरकारने इफेड्रावर बंदी आणली ती पुढच्या वर्षी.

डब्यावर "एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट" असा शिक्का आहे का ते पाहा. मोठ्या लीगच्या खेळाडूंनाही तोच शिक्का पाहायला सांगतात. नसेल तर डबा बंद ठेवा. प्री-वर्कआउट पंधरा वर्षांच्या मुलाला शिक्का असला तरी नको, त्यात बहुतेक वेळा भरपूर कॅफीन असतं. प्रोटीनसाठी दूध, अंडी, उसळी पुरतात. त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढचा डबा तो मित्राच्या घरी ठेवेल. दोन्ही डब्यांच्या मागच्या लेबलांचे फोटो संपादकांकडे पाठवा, मी त्यातलं एकेक नाव वाचून कळवते.