बलक फेकायचा की ठेवायचा?

"वीस वर्षं मी अंड्याचा बलक सिंकमध्ये ओतत आले. आता तेच तज्ज्ञ म्हणतात, अंडं चालतं. मग यांचं ऐकायचं तरी कशाला?"

आहाराचा सल्ला घ्यायला आलेलं, पन्नाशी ओलांडलेलं जोडपं समोर बसलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि अशाच दोन-तीन जोडप्यांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.) नवऱ्याचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १४८. रक्तदाब ठीक, मधुमेह नाही, घराण्यात लहान वयात हृदयविकार कोणाला नाही. डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिन्यांची मुदत दिली होती. बाई चिडलेल्या होत्या, पण त्या चिडण्याखाली अपराधीपणा होता: आपण घरच्यांना इतकी वर्षं चुकीचं खाऊ घातलं की काय? नवरा गप्प. त्यांनी मनात निकाल लावून टाकला होता की सगळे सल्ले सारखेच, म्हणून हवं ते खावं.

सल्ले बदलतात म्हणून आलेला वैताग या दोनच वाटांनी जातो. एक माणूस प्रत्येक बातमीमागे धावतो, दुसरा सगळंच सोडून देतो. दोघांनाही आधी एक हिशेब दाखवावा लागतो: बदललं किती आणि तसंच राहिलं किती.

अंड्याचंच घ्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये सांगितलं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल घ्यावं, आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत. एका मोठ्या अंड्याच्या बलकात साधारण १८५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन अंडी खाल्ली की मर्यादा ओलांडली. पुढे लक्षात आलं की रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत खाण्यातून जास्त आलं की ते बनवणं थोडं कमी करतं. एलडीएल जास्त चढतं ते सॅच्युरेटेड फॅटमुळे, म्हणजे लोणी-तुपातल्यासारख्या थिजणाऱ्या स्निग्धांशामुळे. म्हणून २०१५-२०२० साठीच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतून ३०० चा आकडा गेला. पण 'कोलेस्टेरॉल कमीच असू द्या' हे वाक्य तिथेच राहिलं आणि सॅच्युरेटेड फॅटची १० टक्क्यांची मर्यादाही राहिली. बातमीत पहिलं आलं, बाकीचं गळलं.

न बदललेल्या गोष्टींची बातमी होत नाही. भाज्या-फळं भरपूर, मीठ कमी, साखर कमी, सॅच्युरेटेड फॅट कमी ही वाक्यं दशकानुदशकं जवळपास तशीच आहेत. आकडे अधिक नेमके झाले इतकंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. त्यात बटाटा धरत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मग तीन दिवसांची खाण्याची नोंद मागितली: दोन कामाचे दिवस, एक सुट्टीचा. सुट्टीचा दिवस वगळला तर नोंदीला काही अर्थ राहत नाही, कारण सगळी सूट त्याच दिवशी घेतली जाते. 'थोडं', 'जरासं' असं लिहायचं नाही. चमचे, वाट्या, नग लिहायचे आणि पाकिटं सोबत आणायची.

नोंदीत सकाळी फक्त पांढरं असलेलं ऑम्लेट होतं. सकाळी आणि संध्याकाळी चहासोबत चार-चार बिस्किटं. पाकीट उलटं केलं. वाचायचा रकाना '१०० ग्रॅममागे' असा, कारण कंपनीचं 'एका वेळचं प्रमाण' दोनच बिस्किटांचं होतं आणि दोनावर थांबतं कोण? सॅच्युरेटेड फॅट १० ग्रॅम, साखर २० ग्रॅम. एक बिस्कीट १० ग्रॅमचं, म्हणजे रोजचे आठ मिळून ८० ग्रॅम. सॅच्युरेटेड फॅट ८ ग्रॅम, साखर १६ ग्रॅम.

एका बलकातलं सॅच्युरेटेड फॅट असतं साधारण १.६ ग्रॅम.

बाई कितीतरी वेळ पाकिटाकडे बघत राहिल्या. २००० कॅलरींच्या आहारात सॅच्युरेटेड फॅटची १० टक्के मर्यादा म्हणजे साधारण २२ ग्रॅम. त्यातला एक तृतीयांशाहून अधिक वाटा नुसत्या बिस्किटांनी खाल्ला होता. 'फॅट-फ्री' फळांच्या दह्याचंही तसंच: दीडशे ग्रॅमच्या डब्यात १८ ग्रॅम साखर. दुधाची स्वतःची सातेक ग्रॅम वजा केली तरी ११ ग्रॅम वरून घातलेली, जवळजवळ तीन चमचे. काय काढलं हे सगळे सांगतात. त्या जागी काय आलं, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते सल्ल्यांचं खरं नुकसान इथेच होतं, सल्ला बदलण्यात नाही.

बलक फेकल्याचा अपराधीपणा इथे आपोआप हलका झाला. तेव्हा मिळालेल्या माहितीवर त्या बरोबर वागल्या होत्या आणि बलकाने किंवा बलकावाचून फारसं काही घडलंही नव्हतं.

ठरलं ते इतकंच. सहा आठवडे मुख्य बदल बिस्किटांचाच: त्या जागी सकाळी एक फळ, संध्याकाळी ३० ग्रॅम बिनमिठाचे दाणे किंवा सुकामेवा, वजन करून. मूठ फसवते, ६० ग्रॅमही सहज मावतात. अंडी आठवड्याला चार, बलकासकट, पण उकडून. लोण्यात तळलं तर एका मोठ्या चमच्यामागे ७ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट परत येतं. तेल, व्यायाम, मीठ याला अजून हात लावायचा नाही. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं. तपासणी सहा आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, ताप-सर्दी नसताना. दहाव्या दिवशी रक्त दिलं तर हाती निराशाच येते. मधुमेह किंवा आनुवंशिक जास्त कोलेस्टेरॉल असतं, तर अंड्यांचा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवला असता.

चौथ्या आठवड्यात बिस्किटं परत आली, पाहुण्यांसाठी म्हणून. डबा वरच्या फळीवर गेला. सहा आठवड्यांनी एलडीएल १३१.

जाताना बाईंना एक चिठ्ठी दिली होती. नवा सल्ला वाचला की तीन प्रश्न: कोणासाठी? किती? कशाच्या बदल्यात?

पुढच्या भेटीत त्या एक कात्रण घेऊन आल्या. वजन आटोक्यात ठेवायला बिनसाखरेची गोडी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितल्याचं. "हे मधुमेह असलेल्यांसाठी नाही म्हणे, यांना तो नाही, म्हणजे यांच्यासाठी आहे," त्या म्हणाल्या. "पण चहातली गोडीची गोळी काढून परत साखर घातली तर? म्हणून गोळी बंद आणि साखरही अर्धाच चमचा. दोन आठवड्यांनी पाव."

नवरा पहिल्यांदाच बोलला, "मला कोणी विचारलं का?"

मग त्या भेटीचा उरलेला वेळ त्यांच्या चहावरच गेला.