बाबांच्या एमआरआयमधले पांढरे डाग आणि रक्त पातळ करायची दुसरी गोळी

तुमचे बाबा ७१ वर्षांचे, देवगडला असतात. एमआरआयच्या रिपोर्टात मेंदूच्या लहान रक्तवाहिन्यांचा आजार, फझेकास २ (पांढरे डाग किती आहेत ते मोजायची ० ते ३ अशी पट्टी, २ म्हणजे मध्यम) असं आलंय. यावर नवं औषध निघालंय का, आणि ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या आईला हाच आजार होता, आठ वर्षं तिचं सगळं मीच केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या गोळीचं. कृपा करून मनाने सुरू करू नका. एसपीएस३ या चाचणीत मेंदूतली अशीच बारीक वाहिनी बंद पडून झटका (स्ट्रोक) आलेले ३,०२० रुग्ण होते. दुसरी गोळी जोडून पुढचे झटके काही कमी झाले नाहीत, रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. या आजारात वाहिनीची भिंतच खराब झालेली असते, ती तुंबते तशी फुटतेही. (सौम्य झटक्यानंतर पहिले तीनेक आठवडे काही जणांना डॉक्टर दोन्ही देतात, ती गोष्ट वेगळी.)

नव्या औषधांत मला आशा वाटते ती लासी-२ मुळे. ब्रिटनमधल्या ३६३ रुग्णांवरची ही चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टॅझॉल ही जुनीच औषधं, पहिलं हृदयासाठीचं, दुसरं पायांच्या रक्तवाहिन्यांसाठीचं. खुणा चांगल्या दिसल्या, पण मोठी चाचणी झाल्याशिवाय बाबांना देण्याजोगी ती नाहीत.

आज हातात आहे ते बीपी. स्प्रिंट चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला, तेव्हा विसरभोळेपणाची सुरुवात कमी जणांत झाली आणि पांढरे डाग हळू वाढले. त्यात मधुमेही आणि आधी झटका आलेले घेतले नव्हते, म्हणून बाबांचा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आईचं बीपी १६० च्या खाली येईना. गोळी तीनदा वाढवली. ती पानात वरून मीठ कधीच घ्यायची नाही, मग येतं कुठून? एकदा तिच्यासाठी कढी करायला मीच आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली उघडली, बोट बुडवून चाटलं आणि जीभ चरचरली. रोज आगळाची कढी, खारातली कैरी, पावसात खारा बांगडा! मग आगळाऐवजी सोलं (सुकं कोकम) दोनदा धुवून भिजत घालायला लागलो, खाऱ्याच्या जागी बिनमिठाचा जवळा आणला. गोळ्या त्याच, पण महिन्या-दीड महिन्यात आकडा १३५ च्या आसपास आला.

बाबांची चालही बघा, या आजारात तीही बदलते. आईचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत, पडवीच्या उंबऱ्यापाशी ती थबकायची, आम्ही ते गुडघ्यांवर ढकललं. बीपी बसून घ्याल तसं उभं करूनही घ्या. उभं राहिल्यावर फार उतरत असेल तर पडायची भीती.

आणि रिपोर्टात मायक्रोब्लीड्स (मेंदूतल्या बारीक रक्तस्रावांच्या खुणा) हा शब्द शोधा. असेल तर ॲस्पिरिनबद्दलही न्यूरॉलॉजिस्टना पुन्हा विचारा, येत्या भेटीतच.