अजून अकरा मॅच आहेत

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. "अण्णा, आमचा फुटबॉल क्लब बंद होतोय, मार्चनंतर टीम नाही. राहिलेल्या अकरा मॅच आता कोण बघतंय? घरी परत यावं वाटतं, तालमीकडून खेळावं," एवढं सांगून तू गप्प झालास आणि मलाही पुढं काही सुचलं नाही. "बघू, काहीतरी होईल" असं म्हणून मी फोन ठेवला. नंतर रात्रभर ते वाक्य मलाच टोचत राहिलं, कारण माझ्या वेळी मला सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. म्हणून आज सवडीनं लिहितोय. पत्र लांबलं तर दोन बैठकीत वाच, पण कागदपत्रांबद्दल लिहिलंय ते आजच वाच.

मी सव्वीस वर्षांचा होतो. मुंबईतल्या एका कंपनीचा क्लब, नाव लिहीत नाही. बंद होणार हे कुणी सांगायच्या आधी आम्हाला कळलं होतं. आधी विमान जाऊन रेल्वे आली. मग हॉटेलात दोघांच्या खोलीत तिसरी गादी पडली. सरावानंतर बर्फाच्या लाद्या यायच्या, त्या थांबल्या. फिजिओ "घरगुती कारणानं" गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. सात तारखेचा पगार वीस तारखेला यायला लागला. जानेवारीत मॅनेजरनं सगळ्यांना ड्रेसिंग रूममध्ये बसवून सांगितलं, तेव्हा एकही जण चकित झाला नव्हता. तरी त्या खोलीत कितीतरी वेळ कुणी बुटाची नाडी बांधली नाही.

मग मी जे केलं ते आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. मांडीची शीर धरली असं सांगून सहा मॅच बाहेर बसलो. शीर धरली नव्हती. दुसऱ्या एका क्लबशी बोलणं चालू होतं, आणि मोडक्या टीमसाठी पाय कशाला घालवायचा, असा माझा हिशेब होता. माझ्या जागी डाव्या बॅकला एकोणीस वर्षांचा पोरगा उतरला. आम्ही त्या सहापैकी चार हरलो, पण तो पोरगा प्रत्येक मॅचला नव्वद मिनिटं रेषेवरून वरखाली धावत होता. त्या दुसऱ्या क्लबचा कोच मला बघायला म्हणून आला होता. त्यानं त्या पोराला नेलं. मी पुढचं वर्षभर घरी बसलो. आजही मला त्या पोराचा राग नाही, माझाच येतो.

तू म्हणालास, "आता कोण बघतंय?" सगळे बघतात, बाळा. बंद होणाऱ्या टीमच्या मॅचला प्रेक्षक कमी असतात, पण दुसऱ्या बाजूच्या बेंचवर कोच असतो, त्याचा सहायक असतो, रेफ्री असतो, मॅच कमिशनर असतो. आपल्या देशातलं फुटबॉल लहान गाव आहे. इथं कोण शेवटपर्यंत पळाला आणि कोणी फेब्रुवारीतच पाय आखडला, हे पुढच्या हंगामाच्या आत सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

आणि क्लब बंद पडणं म्हणजे तुम्ही वाईट खेळलात, असं मनात धरू नकोस. महिंद्रा युनायटेड घे. 1962 पासूनचा क्लब. 2005-06 मध्ये कोच डेरिक परेरांच्या हाताखाली नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग, जिंकला, त्याच हंगामात फेडरेशन कपही. मुंबईच्या कूपरेज मैदानावर बॅरेटो आणि युसुफ याकुबू हे दोन स्ट्रायकर एकत्र खेळताना ज्यानं बघितलेत तो विसरणार नाही. पुढं चार वर्षांनी, 2010 मध्ये, हंगाम चालू असतानाच कंपनीनं टीम बंद करायचं जाहीर केलं आणि पैसा शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडं वळवला. फगवाड्याची जेसीटी तर पहिल्या नॅशनल लीगची, 1996-97 ची, विजेती. बायचुंग भुतिया तिथं खेळला, पोरसवदा सुनील छेत्रीही तिथं खेळला. 2011 मध्ये टीम खालच्या गटात गेली आणि मालकांनी सांगितलं, या खेळातून कंपनीला हवी तशी प्रसिद्धी मिळत नाही. चाळीस वर्षांचा क्लब तिथंच संपला. पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये, दुसरी आली होती. बालेवाडीच्या मैदानावर खेळणारी ती टीम दोन वर्षांनी, 2015 मध्ये, आवरली.

याचं कारण तुला समजून घ्यायला हवं, नाहीतर तू स्वतःलाच खात बसशील. आपल्याकडं तिकिटांवर क्लब चालत नाही. टीव्हीच्या पैशाचा वाटा खालपर्यंत येत नाही. पंचवीस खेळाडूंचे पगार, परदेशी खेळाडू, कोलकाता, शिलाँग, ऐझॉलची विमानं, हॉटेलं, मैदानाचं भाडं, हा सगळा खर्च एका कंपनीच्या एका खात्यातून निघतो. त्या खात्यावर बसणारा माणूस बदलला, धंद्यात मंदी आली, किंवा 2014 नंतर झालं तसं सगळं लक्ष नव्या इंडियन सुपर लीगकडं गेलं, की त्या वहीतली पहिली रेघ फुटबॉलवर ओढली जाते. तू गोल वाचवलास की खाल्लास, याचा त्या रेघेशी काही संबंध नसतो.

एक गोष्ट मात्र मी पोरांना वारंवार सांगतो. खालिद जमील मुंबई एफसीचा कोच होता, 2009 पासून. आधी तिथलाच खेळाडू. पैसा कमी, टीम साधी, पण वर्षानुवर्षं त्यानं ती वरच्या लीगमध्ये टिकवून धरली. 2016 मध्ये त्याला काढलं. त्याच सुमाराला ऐझॉल एफसी नावाची मिझोरामची टीम खाली घसरली होती. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून तिला परत जागा मिळाली. खालिद तिकडं गेला. 2016-17 च्या आय-लीग हंगामाअखेर ऐझॉल 37 गुणांवर, मोहन बागान 36 वर, आणि विजेतेपद डोंगरातल्या त्या शहरात गेलं. त्याच तक्त्यात सगळ्यात खाली मुंबई एफसी होती. तो तिचा शेवटचा हंगाम ठरला. पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सचाही तोच शेवटचा. खालिद ज्या महिंद्राकडून खेळला ती नाही, ज्या मुंबई एफसीला त्यानं सात वर्षं दिली ती नाही, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तो भारताचा मुख्य कोच झाला. अराता इझुमीचंही बघ. जपानमध्ये जन्मलेला, महिंद्राकडून खेळलेला, मग पुणे एफसीत आला, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि भारताची जर्सी घातली. त्याचेही ते दोन्ही क्लब आज नाहीत.

आता कागद.

हे मी कळकळीनं सांगतोय, कारण माझं गुडघ्याचं ऑपरेशन क्लबनं केलं होतं. त्याची फाइल, एमआरआय, सगळं ऑफिसच्या कपाटात राहिलं. एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा ऑफिसला कुलूप होतं आणि वॉचमनला कपाट कुठं हलवलं ते माहीत नव्हतं. पुढच्या ट्रायलला डॉक्टरनं विचारलं, "लिगामेंटचं काय केलं होतं?" माझ्याकडं दाखवायला चिठोरीही नव्हती. तेव्हा या आठवड्यातच तुझी मेडिकल फाइल माग. करारपत्राची सही-शिक्क्याची प्रत तुझ्याकडं नसेल तर माग. मेसेजवर "देतो" म्हणाले तर ईमेल कर. दर महिन्याचा पगार किती आणि कुठल्या तारखेला आला, ते बँकेच्या पासबुकावरून एका वहीत लिहून ठेव.

फिफाच्या नियमावलीत असं आहे की क्लबनं दोन महिन्यांचे पगार थकवले, तर खेळाडू लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत देऊ शकतो, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार सोडायला त्याच्याकडं योग्य कारण असतं. आपल्या फेडरेशनची प्लेयर्स स्टेटस कमिटी आहे, तिथं तक्रार करता येते. फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया आहे, त्यांना फोन करून तुझ्या कराराला यातलं काय लागू पडतं ते विचार. लाजू नकोस. पण जे करायचं ते क्लब उभा असेपर्यंत कर. ऑफिसात माणूस बसलाय, मेलला उत्तर देतोय, तोवरच तुझ्या तक्रारीला समोरची बाजू आहे. मार्चनंतर नोटीस कुणाच्या पत्त्यावर पाठवणार?

नोंदणीचंही तेच. तुझं नाव सीआरएसवर, म्हणजे फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत, त्यांच्या क्लबकडं आहे. रिलीज, म्हणजे क्लबनं तुला मोकळं केल्याचा कागद, कधी आणि कोण देणार, हे लेखी घे. जूनमध्ये नवा क्लब हो म्हणाला आणि तुझं नाव बंद क्लबच्या यादीत अडकून बसलं, असं होऊ देऊ नकोस. एजंट म्हणून आता बरेच फोन येतील. जो आधी पैसे मागतो त्याचा नंबर ब्लॉक कर. राज्याच्या टीमसाठी संतोष ट्रॉफीच्या शिबिराला बोलावणं आलं तर "आता कशाला" म्हणू नकोस. आपल्या राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलिसांतही भरती निघते. तिथं अर्ज करताना राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र क्लबच्या मोठ्या नावापेक्षा जड पडतं. नोकरी धरलीस म्हणून फुटबॉल सुटलं असं होत नाही, रेल्वेच्या टीमा आपण दोघांनी मैदानात घाम गाळताना बघितल्यात.

आणि एक काम तू आणि तुझ्या कॅप्टननं मिळून करायचं. तुम्हा खेळाडूंकडं करार आहेत. किट सांभाळणारे मामा, मेसमध्ये पहाटे साडेपाचला अंडी उकडणाऱ्या मावशी, ड्रायव्हर, मैदानावर चुना टाकणारा पोरगा, यांच्यातल्या बहुतेकांकडं कागदच नसतो. कुणी कंत्राटदाराकडून, कुणी तोंडी. आमच्या कॅप्टननं तेव्हा मॅनेजमेंटला द्यायच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात अशा सहा जणांची थकबाकी लिहिली आणि आमची खाली. आमच्यातल्या दोघांनी कुरकुर केली, तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला उद्या कुणीतरी ट्रायलला बोलवेल, मामांना कोण बोलवणार?" सगळ्यांनी सही केली. मीही केली, त्या हंगामात मी केलेलं तेवढंच एक धड काम. त्या सहा जणांना पैसे मिळाले. आम्हाला दोन महिन्यांचे कमी मिळाले.

ड्रेसिंग रूम आता कडू होईल. पाच-सहा जणांचं कुठंतरी जमेल, बाकीचे त्यांच्याकडं बघून धुसफुसतील. परदेशी पोरं तिकिटाच्या तारखा बघत बसतील. तू गोलकीपर आहेस, मागून सगळं दिसतं तुला. बोलत राहा. "मागे बघ", "वेळ आहे", "माझा", हे तीन शब्द जरी मॅचभर मोठ्यानं देत राहिलास तरी पुढची चार माणसं जागी राहतात. हरणाऱ्या टीमचा गोलकीपर गप्प झाला की बॅकलाइन दहा यार्ड मागे सरकते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तू फोनवर म्हणालास की घरी परत यावं वाटतं, तालमीकडून खेळावं. ये की. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की अख्खी पेठ उतरते, तशी गर्दी तुला तुझ्या लीगमध्ये कुठं मिळाली? मी याचा बराच विचार केलाय. मुंबई-पुण्याचे एवढे क्लब आले आणि गेले, आणि आपल्या तालमी पिढ्यानपिढ्या उभ्या आहेत, कारण त्यांना एक मालक नाही. वर्गणी पेठेची, पोरं पेठेची, भांडणंही पेठेचीच. कुणा एका माणसाच्या सहीनं तालीम बंद होत नाही. पण तालमीवर घर चालत नाही, हेही तुझ्या वडिलांना आणि मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा ये, पण जूनमध्ये ये, सगळ्या ट्रायल देऊन झाल्यावर. आता अकरा मॅच अर्धवट टाकून आलास तर स्टेडियमवर तुझ्या नावानं आरोळी पडेल, आणि तुला ती ऐकवणार नाही.

खेळाडूचा एक पासपोर्ट असतो, माहीत आहे का तुला? परदेशात जायचा नव्हे. फुटबॉलचा. बारा वर्षांचा असल्यापासून तो कुठल्या कुठल्या क्लबात नोंदलेला होता ते त्यात लिहितात. क्लब बंद पडला तरी त्या यादीतून त्याचं नाव काढत नाहीत. तुझ्या मामांनी धुतलेल्या त्या जर्सीचं नाव तू चाळिशीचा होईपर्यंत तुझ्या नावापुढं राहणार आहे.

येत्या रविवारी मी येतोय. शनिवारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडतो, सकाळी पोचेन. पास वगैरे ठेवू नकोस, मी तिकीट काढून तुझ्या गोलच्या मागे बसेन, पहिल्या हाफला एका बाजूला, दुसऱ्या हाफला दुसऱ्या. मॅच संपल्यावर मेडिकल फाइल आणि करारपत्र बॅगेत घालून बाहेर ये. दोन्हीच्या झेरॉक्स काढू आणि एक संच मी माझ्याकडं नेतो.

डाव्या अंगठ्याला टेप नीट लाव.

तुझा,
अण्णा