पीआर कार्ड अडकलंय आणि वडिलांचं ऑपरेशन तोंडावर

प्रश्न : मी कॅनडात मिसिसॉगाला राहते. माझ्या पीआर (कायम वास्तव्याच्या परवानगीच्या) कार्डाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. नवीन कार्डासाठी केव्हाच अर्ज केलाय, पण कार्ड अजून आलेलं नाही. सांगलीला वडिलांची बायपास ठरली आहे. तिथे असताना कार्ड संपलं तर माझा पीआर जाईल का? गेल्या ५ वर्षांत बाळंतपण धरून साधारण १४ महिने मी भारतात होते.

उत्तर : ताई, आधी मनातली धास्ती काढा. कार्ड संपलं म्हणून पीआर जात नाही. कायदा दिवस मोजतो : ५ वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात. तुमचे त्याहून कितीतरी जास्त भरतात. वडिलांजवळ जा.

अडचण येईल ती परतताना, आणि तीही कॅनडात नाही, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर. चालू कार्ड नसलेल्या पीआर प्रवाशाला आणलं तर विमान कंपनीला भुर्दंड बसतो. त्यामुळे तिथला कर्मचारी संपलेलं कार्ड बघून बोर्डिंग पास देत नाही, आणि ‘अर्ज केलाय’ ही पावती त्याच्या उपयोगाची नसते. म्हणून निघण्याआधीच परतीची वाट ठरवून ठेवा.

आजच इमिग्रेशन विभागाच्या वेब फॉर्मवरून अर्ज तातडीने हाताळण्याची विनंती करा. प्रवास ३ महिन्यांच्या आत असेल आणि जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण असेल, तर अशी विनंती करता येते. सोबत तारखा आणि पैसे भरल्याची नोंद दिसेल असं तिकीट, तातडी का आहे ते सांगणारं तुमचं पत्र आणि हॉस्पिटलचं पत्र जोडा. बहुतेकांचं घोडं हॉस्पिटलच्या पत्रावर अडतं. ‘पेशंट ॲडमिट आहे’ एवढं पुरत नाही. लेटरहेडवर, इंग्रजीत, पेशंटचं पूर्ण नाव, आजार, ऑपरेशनची तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. नातं दाखवायला तुमच्या पासपोर्टचं शेवटचं पान जोडा, तिथे वडिलांचं नाव असेल. एवढं करूनही कार्ड वेळेत येईलच असं नाही. त्याच्यासाठी ऑपरेशनची तारीख चुकवू नका.

कार्ड न मिळताच निघालात, तर भारतातून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट, म्हणजे कार्डाशिवाय कॅनडात परतण्यासाठीचा कागद, काढायचं. हा अर्ज कॅनडाबाहेर असतानाच करता येतो आणि फी ५० डॉलर आहे. इथेही दिवसांचा हिशोब द्यावा लागतो, म्हणून भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे नोटिस ऑफ असेसमेंट (टॅक्स खात्याकडून येणारं आकारणीचं पत्र) आणि जुने-नवे पासपोर्ट सगळं स्कॅन करून जवळ ठेवा. पोहोचल्यावर लगेच अर्ज टाका, परतीच्या आठवड्यात नको. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या. नवीन कार्ड पोस्टाने सांगलीला मागवता येत नाही, विभाग ते परदेशी पत्त्यावर पाठवत नाही.

अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर आणखी एक वाट आहे. अमेरिकेपर्यंत विमानाने या आणि खासगी गाडीने सीमा ओलांडा. बस किंवा ट्रेन नको. संपलेलं कार्ड आणि लँडिंगचे (पीआर मिळाला तेव्हाचे) कागद जवळ असू द्या. तुम्ही पीआर आहात याची खात्री पटल्यावर सीमेवरच्या अधिकाऱ्याने तुम्हाला आत घ्यायलाच हवं, कायदाच तसा आहे.

एजंटांचं ऐकून व्हिजिटर व्हिसाला मात्र हात लावू नका. पीआर असताना तो मिळत नाही, नुसता वेळ जातो.

आणि ताई, तुमचे दिवस पाहता नागरिकत्वासाठी लागणारे १०९५ दिवस भरलेले दिसतात. त्या अर्जाला चालू पीआर कार्ड लागत नाही. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, पासपोर्ट परत करावा लागतो, आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते. सांगलीला जमीन असेल तर वडील बरे झाल्यावर हे त्यांच्याशी एकदा बोलून घ्या.