हे अकरा आले कुठून?

प्रश्न : बाई, माझी मुलगी दहावीत आहे. झिंक सल्फाइड हवेत भाजण्याचं समीकरण तिला झटक्यात जमतं, पण आयर्न पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) भाजून फेरिक ऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड होण्याच्या समीकरणाशी ती तासभर झटते आणि शेवटी रडकुंडीला येते. पुस्तकात ऑक्सिजनचे ११ रेणू दिलेत. ते आले कुठून?

उत्तर : ताई, आधी तिची वही बघा. सल्फर डायऑक्साइडमधला ऑक्सिजनचा २ खोडून ३ केलेला दिसेल. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं हेच करायची. तिथे ३ केला की ते सल्फर ट्रायऑक्साइड होतं, पदार्थच बदलतो. आकडा रेणूच्या पुढे लिहायचा, आत हात लावायचा नाही.

आता स्वयंपाकघरातून धान्य घ्या. लोखंडाला राजमा, गंधकाला हरभरा, ऑक्सिजनला वाटाणा. पायराइटच्या एका रेणूत एक राजमा आणि दोन हरभरे. तयार होणाऱ्या फेरिक ऑक्साइडला दोन राजमे लागतात, म्हणून पायराइटचे दोन रेणू मांडा. हरभरे झाले चार, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचे रेणू चार. वाटाणे सगळ्यात शेवटी मोजायचे, कारण ते दोन्ही उत्पादितांत वाटले गेलेत : फेरिक ऑक्साइडमध्ये ३, सल्फर डायऑक्साइडमध्ये ८. एकूण ११!

पण हवेतला ऑक्सिजन जोडीनेच येतो. वाटाणे दोन-दोन करून लावायला सांगा. पाच जोड्या लागतील आणि एक वाटाणा एकटा उरेल. तो तिने स्वतःच्या हाताने बाजूला ठेवू दे, घाई करू नका. मग सगळंच दुप्पट करायचं. वाटाणे २२ झाले, म्हणजे बरोबर ११ जोड्या : पायराइट ४, ऑक्सिजन ११, फेरिक ऑक्साइड २, सल्फर डायऑक्साइड ८. झिंक सल्फाइडमध्ये हा पेच असाच पडतो, फक्त लहान : एका रेणूला तीन वाटाणे, म्हणून दुप्पट करून झिंक सल्फाइड २, ऑक्सिजन ३, झिंक ऑक्साइड २, सल्फर डायऑक्साइड २.

पुढे इलेक्ट्रॉनांचा हिशोब शिकली की हेच ११ तिला पुन्हा भेटतील. पायराइटमधलं लोखंड १ इलेक्ट्रॉन देतं, दोन गंधक मिळून १० देतात. ऑक्सिजनचा रेणू ४ घेतो. म्हणून पायराइटच्या चारास ऑक्सिजनचे अकरा : दोन्हीकडे ४४ इलेक्ट्रॉन. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

शेवटी वजन करून पडताळा घ्यायला लावा. लोखंड ५६, गंधक ३२, ऑक्सिजन १६ धरा. डावीकडे ४८० ग्रॅम पायराइट आणि ३५२ ग्रॅम ऑक्सिजन, उजवीकडे ३२० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि ५१२ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. दोन्हीकडे ८३२.