आधुनिक इंटिरिअर आणि घरातल्या वस्तूंसाठी प्रेरणा कुठून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की नवा टू बीएचके मिळालाय, फोनमध्ये चारशेच्या वर फोटो साठवलेत, नवरा-बायकोचं एकमत होत नाही आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

एक विचारते. त्या चारशे फोटोंपैकी किती फोटोंत माणूस आहे? माझ्याकडे साठवलेले होते त्यांत एकातही नव्हता. ओट्यावर लिंबांची एक वाटी, शेजारी लाकडी फळीवर पाव, खिडकीतून ऊन. कणीक मळणारं कोणी नाही, सिंकमध्ये सकाळची चहाची गाळणी नाही. तेव्हा माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात यायला खांदा गेला आणि पाय भाजला. सांगतेच. लांबण लागेल. घाई असेल तर खाली स्क्रोल करा, पण तिथेही फार काही हाती लागेलच असं नाही.

आम्ही डोंबिवलीत, १९९१ पासून याच घरात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. ओटा बांधायला जो गवंडी आला त्याने टेप काढायच्या आधी सासूबाईंना भिंतीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेघ ओढली. त्या रेघेच्या मूठभर खाली कडप्पा बसवला. सासूबाई चार फूट दहा, मी चार फूट अकरा. मला कोणी विचारलं नाही, पण एका इंचाने काही बिघडत नव्हतं. त्या ओट्यावर आम्ही दोघींनी सव्वीस वर्षं रांधलं. भांडणं भरपूर झाली, खांदा कोणाचा दुखला नाही. २०१७ साली त्या गेल्या.

२०१९ मध्ये मी बँकेतून व्हीआरएस घेतली आणि घर नवं करायचं ठरलं. काम दिलं नवऱ्याच्या मित्राच्या मुलाला. मुलगा गुणी, बोलायला गोड, लॅपटॉपवर आमचं घर असं फिरवून दाखवायचा की आपण तिथे राहतो यावर विश्वास बसू नये. पांढरे शटर, पांढऱ्या क्वार्ट्झचा (कारखान्यात बनवलेल्या दगडाचा) ओटा, वर उघड्या फळ्या, फळ्यांवर चार मडकी. मीही भुलले, खोटं कशाला बोलू. फक्त एका गोष्टीवर अडले. ओट्याची उंची त्याने ३६ इंच धरली होती. मी म्हटलं, ३२ कर. तो म्हणाला, “काकू, स्टँडर्ड छत्तीसच असतं.” मी विचारलं, कोणाचं स्टँडर्ड? तर म्हणे, पुढेमागे डिशवॉशर घेतलात तर तो ओट्याखाली बसायला नको का? डिशवॉशर आम्ही आजतागायत घेतलेला नाही. नवरा पाच फूट अकरा. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “सवय होईल.”

झाली नाही. हिशोब साधा आहे. ३६ इंच ओटा, त्यावर चार इंचांची शेगडी, त्यावर कढई. फोडणी करताना कढईत काय चाललंय ते मला दिसायचं नाही, नुसता वास यायचा. पोळी लाटताना अंगाचं वजन लाटण्यावर उतरतं म्हणून पोळी पातळ होते. माझे खांदे कानांना लागलेले, वजन उतरणार कुठून? घडीच्या पोळ्या जाड व्हायला लागल्या आणि ‘हल्ली तुझी पोळी पूर्वीसारखी होत नाही’ हेही ऐकून घेतलं. त्यात २०२० चा लॉकडाऊन. तीन वेळचं घरी, कामाच्या बाई बंद. उजवा खांदा असा आखडला की केसांना क्लिप लावता येईना. फिजिओने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमचा ओटा किती उंच आहे हो?” त्या बाईला पाच मिनिटांत कळलं.

मग नवऱ्याने तोडगा काढला: सासूबाईंचा जेवणाचा पाट ओट्यापुढे ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. महिनाभर चाललं. एका रविवारी आमटीचं पातेलं उतरवताना पाट कलंडला आणि आमटी डाव्या पावलावर. पंधरा दिवस घरात नवऱ्याने स्वयंपाक केला. त्याला ओटा अगदी सोयीचा वाटला.

त्या पंधरा दिवसांत पाय उशीवर ठेवून बसले होते तेव्हा लेकीने (ती आर्किटेक्ट आहे, पुण्यात असते) फोनवर फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही पणजी. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्टने फ्रँकफर्टमधल्या सरकारी वसाहतींसाठी ती आखली आणि पुढे तशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. जागा किती, तर साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. म्हणजे आमच्या डोंबिवलीचीच! बाईने प्रेरणा कुठून घ्यावी? आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघरातून. एवढ्याशा जागेत दोन माणसं शंभर जणांचं जेवण काढतात ते कसं, हे तिने बघितलं. स्वयंपाक करणारीची पावलं मोजली, घड्याळ लावून कामाचा वेळ मोजला. बसून काम करायला फिरतं स्टूल दिलं. डाळ-तांदळासारख्या कोरड्या जिनसांना ओतायला चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण दिले. गंमत म्हणजे तिने स्वतः तोवर कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता, हे तिनेच पुढे सांगितलं. पण मोजलं. आमच्या घराचं डिझाइन करणाऱ्या त्या मुलाने भिंती मोजल्या, खिडकी मोजली, चिमणीच्या पाइपाची लांबीसुद्धा मोजली. मला मोजलं नाही.

शेवटी २०२१ मध्ये एका सुताराला बोलावलं. वय पासष्टीच्या पुढे, कानावर पेन्सिल. खाली बसून त्याने स्कर्टिंगची पट्टी काढली, आत हात घातला आणि म्हणाला, “वहिनी, चार इंचांचे पाय आहेत. तीन इंच कापतो.” एवढंच! कपाटं ज्या प्लॅस्टिकच्या पायांवर उभी असतात ते पट्टीमागे झाकलेले असतात. ओट्याचा दगड दोन तुकड्यांत उचलला (एक कोपरा फुटला), पाय कापले, प्लंबरने सिंकचा पाइप खाली घेतला, दगड परत बसवला. सगळे मिळून अठरा हजार. ओटा ३३ इंचांवर आला.

आता भिंतीवरच्या पांढऱ्या टाइल्स आणि ओटा यांच्यात तीन इंचांची उघडी पट्टी राहिली, विटा-सिमेंट दिसणारी. तशाच टाइल्स मिळेनात. १९९१ च्या ओट्याचा कडप्पा गॅलरीत कुंड्यांखाली पडून होता. तो कापून त्याची काळी पट्टी भिंतीला लावली. हळदीचे डाग पडलेला पांढरा ओटा, वर काळी रेघ, वर पांढऱ्या टाइल्स. गेल्या दिवाळीला चौघीजणींनी विचारलं की ही काळ्या बॉर्डरची आयडिया कुठून घेतली. डिझाइन करणारा मुलगा फराळाला आला होता, त्याने फोटो काढला. त्याच्या पेजवर आहे तो आता, लिंबांची वाटी ठेवून.

तर तुमचा प्रश्न.

फोटो बघू नका असं मी म्हणणार नाही, पण फोटोतली वस्तू तशी का आहे ते विचारा. स्वीडन-डेन्मार्ककडच्या घरांत सगळं पांढरं आणि फिकट लाकडाचं का? डिसेंबरात स्टॉकहोमला जेमतेम सहा तास उजेड असतो. मिळेल तो कवडसा घरभर फिरवायचा असतो त्यांना. आपल्याकडे उजेडाची ददात नाही, दुपारी दोन वाजता पडदे ओढून अंधार करावा लागतो. पावसाळ्यात त्याच पांढऱ्या भिंतीवर ओल फुटते आणि हिरवट-काळे नकाशे उमटतात. उघड्या फळ्यांचं तर बोलूच नका. रस्त्याची धूळ आणि फोडणीची वाफ एकत्र आली की जो चिकटा तयार होतो तो काढायला लिंबू, सोडा आणि एक अख्खा शनिवार लागतो. चार मडकी मी माळ्यावर टाकली आणि फळ्यांना दारं लावून घेतली. क्वार्ट्झचं सांगते: त्यात दगडाच्या भुकटीबरोबर रेझिन असतं, आणि हळद त्यात मुरते. विकणारा ‘डाग पडत नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर ओली हळद लावून रात्रभर ठेवा म्हणावं.

वस्तूंबद्दल विचारलंत. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं डिझायनर जोडपं, ज्यांच्या खुर्चीच्या नकला हल्ली प्रत्येक कॅफेत असतात, ते १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून देशभर हिंडले. त्यांच्या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, निघाली. या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? लोट्याचं. म्हणजे आपल्या तांब्याचं. आणि कौतुक करून थांबले नाहीत, आज असा लोटा नव्याने घडवायचा तर काय काय विचारावं लागेल त्याची यादीच दिली. पाणी किती मावायला हवं, हात केवढा, बाईचा की पुरुषाचा, कडेवर घेणार की डोक्यावर, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, वाजवला तर आवाज कसा येतो. मी ही यादी दुकानात मनातल्या मनात म्हणते. काळ्या मॅट ताटल्यांचा सेट घ्यायला गेले होते, सहा हजारांचा. एक ताटली उचलली, मनगट वाकलं. वर काठ नाही, म्हणजे वरण पळणार. ठेवून आले. (सासूबाईंचा तांब्या मात्र त्या मुलाने ‘डेकॉर’ म्हणून हॉलमध्ये ठेवला होता, त्यात सक्युलंट लावून. दोन महिन्यांनी झाड सडलं. तांब्या मी चिंचेने घासून परत पाण्याला घेतला.)

बघायला जायचंच असेल तर पुण्यात राजा केळकर संग्रहालयात अख्खा दिवस काढा. दिवे बघा, अडकित्ते बघा. सुपारी कातरायच्या हत्याराला कोणी घोड्याचा आकार दिलाय, कोणी पक्ष्याचा, पण एकही असा नाही की ज्याने सुपारी कातरणार नाही. तिथून चालत कसब्यात तांबट आळीला जा. ठोके ऐकू येतील. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठसे उठवतात त्याला मठारकाम म्हणतात. ते चमकतं म्हणून आपण घेतो, पण ठोकून पत्रा कडक होतो हे त्याचं खरं कारण. त्यात ताक किंवा चिंचेचं काही ठेवू नका, कल्हई नसेल तर मुळीच नाही. तुर्भ्याला आयकिया हे फर्निचरचं मोठं दुकान २०२० च्या डिसेंबरात उघडलं, तिथेही जरूर जा, पण टेप घेऊन. मी दोनदा गेले, तिथल्या मांडून ठेवलेल्या प्रत्येक ओट्याशी उभी राहून कोपर वाकवून बघितलं. लोक बघत होते. बघू देत.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आत्ता सांगते. ३२-३३ हा आकडा माझा आहे, तुमचा नाही. घरात जो जास्त वेळ ओट्याशी उभा असतो त्याचं कोपर धरा, तिथून चार-पाच इंच खाली. शेगडीची जागा त्याहून जरा खाली असली तर उत्तम, सिंक जरा वर, कारण सिंकमध्ये हात तळापर्यंत जातात. दोघांच्या उंचीत फार फरक असेल तर दोन वेगळ्या उंचीचे ओटे करा. आम्हाला ते तेव्हा सुचलं नाही, जागाही नव्हती. कपाटांचे पाय कापले तर कपाटाखाली पावलं शिरायला जागा कमी उरते, माझा अंगठा अजून अधूनमधून आपटतो. आणि घर भाड्याचं असेल तर यातलं काहीही करू नका. सगळेच डिझायनर असे नसतात हेही खरं, माझी लेक वाचणार आहे हे.

तुमचं आणि बायकोचं एकमत होत नाही म्हणता, तर स्वयंपाकघरापुरतं तरी जी व्यक्ती स्वयंपाक करते तिचं ऐका, मग हॉलमध्ये काय हवं तो गोंधळ घाला. आमच्याकडे संध्याकाळची भांडी नवरा घासतो, ते फिजिओच्या वेळेपासून ठरलंय. ओटा खाली आल्यापासून तो म्हणतो, सिंक फार खाली गेलंय, कंबर धरते.

मी पेपर वाचत असते तेव्हा. म्हणते, सवय होईल.