शॉर्टहँडची प्रश्नोत्तरे : तपासणीचा कंटाळा

प्रश्न : मी शॉर्टहँडमध्ये मिनिटाला शंभर शब्दांच्या स्पीडला आहे. डिक्टेशन घ्यायला आवडतं, पण टाइप झालं की शब्दन् शब्द ताडून बघणं अगदी जिवावर येतं. तेवढ्या वेळात आणखी दोन उतारे घेतले तर?

उत्तर : घेऊ नका. न तपासलेले उतारे म्हणजे तीच चूक पुन्हा पुन्हा गिरवणं. कंटाळा येणारच, सगळ्यांना येतो. पण तुम्ही बहुतेक छापील उतारा आणि टाइप केलेला कागद एवढंच ताडता, म्हणून ती हमाली वाटते. शेजारी शॉर्टहँडच्या खुणांची वहीही उघडी ठेवा. चूक सापडली की ती कुठे झाली ते शोधा : ऐकताना, खूण काढताना, वाचताना की टाइप करताना? समजा, 'अमान्य'चं 'मान्य' झालं. वेगात आपण स्वर गाळतो, मग वहीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. टायपिंग कितीही सुधारलं तरी ही चूक जाणार नाही. अशा शब्दांत सुरुवातीचा 'अ' न चुकता दाखवायला हवा. पिटमन या शॉर्टहँड पद्धतीत 'प' आणि 'ब' यांत फरक फक्त रेघेच्या जाडीचा. तिथे सारखी गफलत होत असेल तर दोष हाताच्या दाबाचा. लाल पेनाने नुसता गोल करून हे कळत नाही.

प्रश्न : स्वतःच्या चुका मला दिसतच नाहीत. स्पेलचेक पुरेसा नाही का?

उत्तर : 'बदल' आणि 'बद्दल' दोन्ही शब्द बरोबरच, स्पेलचेक काय पकडणार? क्लासमध्ये जोडीदार धरा. एकाने मूळ उतारा विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. आकडे, तारखा, नावं यांची फेरी वेगळी.

प्रश्न : आता मोबाइलच बोललेलं लिहून देतो. मग हे कशाला?

उत्तर : त्याने लिहिलेलं कोण तपासणार? साहेब तर नक्कीच नाहीत.

प्रश्न : एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) स्टेनोग्राफर 'डी' श्रेणीच्या परीक्षेत तपासायला वेळ उरतो का?

उत्तर : डिक्टेशन मिनिटाला 80 शब्दांच्या गतीने 10 मिनिटं, म्हणजे 800 शब्द. इंग्रजी उतारा खुणांवरून टाइप करायला 50 मिनिटं मिळतात. 40च्या गतीने नुसतं टायपिंग 20 मिनिटांचं. खुणा वाचताना अडखळलात तरी थोडा वेळ हाताशी राहतो. तो पहिल्या ओळीपासून वाचण्यात घालवू नका. वहीचं पान जिथे जिथे उलटलं, तिथले शब्द आधी बघा. गळती बहुतेक तिथेच असते.